ज्या कामाला जी धार

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा घड उतरवायचा तर विळा दोनदा चालतो. पहिला घाव खोडावर, तोही अर्धवट. खोड पूर्ण तुटलं तर झाड धाडकन आडवं होईल आणि घड मातीत आपटेल. घाव नेमका बसला की झाड वाकतं आणि घड हळूहळू खाली उभ्या असलेल्या गड्याच्या खांद्यावर टेकतो. मग दुसरा घाव दांड्यावर, एकाच झटक्यात. वीस-पंचवीस किलोचं ओझं खांद्यावर घेतलेल्या माणसाच्या मानेपासून वीतभर अंतरावर हे पातं फिरत असतं. तिथं बोथट विळा घेऊन जाणं म्हणजे सोबत्याच्या जिवाशी खेळणं आहे. दांडा एका घावात तुटला नाही तर हिसका बसतो, घड घसरतो, फळाची साल खरचटते. हिरव्या केळीवर आज न दिसणारा तो ओरखडा पिकल्यावर काळा पडतो आणि त्या काळ्या डागाचे पैसे शेतकऱ्याच्या भावातून कापले जातात.

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. रोपं, ठिबक, खतं, रेल्वेचे डबे, दिल्लीचा बाजार, सगळ्यावर बोललं जातं. या सगळ्याच्या मध्ये जे पातं आहे त्याच्याकडे मात्र कुणी पाहत नाही. एका बागेत किती वेगवेगळ्या धारा लागतात हे पाहिलं की खानदेशच्या शेतीची, स्वयंपाकाची, बाजाराची एक वेगळीच बाजू उलगडते.

घड कापायचा विळा बाकदार आणि वजनदार. केळीचं खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. आत लाकूड नाही, नुसतं पाणी आणि तंतू. त्याला जाड कुऱ्हाडीचा उपयोग नाही. पातळ धार आत सरकत जाते, जाड धार खोड चेचते. पण याच बागेत पिल कापायची असते तेव्हा हा विळा कुणी हातात घेत नाही. मुख्य झाडाच्या बुडाशी उगवणारी पिल जमिनीलगत कापावी लागते, आणि जमिनीलगत म्हटलं की पात्यात माती आली, वाळूचे कण आले, एखादा खडा आला. पातळ धार तिथं दोन ओळींत मरते. म्हणून पिलांसाठी जुना, जाड धारेचा, थोडा झिजलेला कोयता. वाळकी पानं उतरवायला आणखी वेगळं हत्यार, लांब दांड्याला बांधलेलं.

आणि अलीकडे निर्यातीच्या मालासाठी चौथं पातं आलं आहे. घडाच्या दांड्यापासून फण्या वेगळ्या करायची छोटी, वाकडी सुरी. ही बागेतली सर्वांत नाजूक धार. फणीच्या बुडाशी काप गुळगुळीत आला नाही, तंतू लोंबत राहिले, तर प्रवासात तिथं बुरशी धरते आणि फणी बुडापासून सडत येते. खोक्यात बंद होऊन समुद्रापार जाणाऱ्या केळीला हे परवडत नाही. फण्या कापल्या की तुरटीच्या पाण्यात टाकतात, त्यामुळे चीक धुतला जातो. पात्यावरचा चीक मात्र माणसानंच काढायचा. केळीच्या चिकातल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन पातं काळं पडतं, वर गोंदासारखा थर बसतो आणि धार शाबूत असूनही सुरी अडायला लागते. जाणते लोक कामाच्या मध्येच पातं ओल्या फडक्यानं पुसून घेतात आणि संध्याकाळी राखेनं घासून, तेलाचा हात फिरवून ठेवतात. रोगट झाड कापलेलं पातं निर्जंतुक केल्याशिवाय चांगल्या झाडाला लावू नये, हेही आता बागाईतदारांना सांगावं लागत नाही.

एका पिकासाठी चार पाती लागतात, कारण धारेच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. धार जितकी पातळ तितकी ती सहज कापते. आणि जितकी पातळ तितकी लवकर मुडपते, तुटते. वस्तऱ्याची धार केस कापेल, पण बाभळीच्या फांदीवर मारली तर तिचे दात पडतील. कुऱ्हाडीची धार बाभूळ फोडेल, पण टोमॅटो चिरडेल. प्रत्येक धंद्यानं या दोन टोकांच्या मध्ये आपली जागा शोधलेली आहे. घरात एकच सुरी घ्या आणि सगळं करा, असं सांगणारी जाहिरात मला म्हणूनच खोटी वाटते.

ही जागा ठरवतो लोहार. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि या रस्त्यांवर धावणाऱ्या ट्रकांच्या मोडलेल्या कमानी हा लोहारांचा कच्चा माल आहे. कमानपाट्याच्या पोलादात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर असतं. गजाच्या किंवा पत्र्याच्या नरम लोखंडात कर्ब त्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे ते कितीही तापवलं, कितीही पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही. वर्षानुवर्षं टनावारी माल झेलून शेवटी मोडलेला पाटा विळ्याच्या रूपानं परत कामाला लागतो. जुन्या कानशीचंही पातं करतात. तिच्यात कर्ब आणखी जास्त, म्हणून धार जास्त टिकते, पण घाव सोसण्याची ताकद कमी. जाणता लोहार भंगारातला तुकडा फिरत्या दगडाला टेकवून ठिणग्या पाहतो. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, मोजक्या. कडक पोलादाच्या ठिणग्या टोकाशी फुटतात आणि त्यांना फाटे येतात.

घडाई सगळ्यांना दिसते, घणाचा आवाज दूर जातो. पण पात्याचं नशीब ठरतं ते पाणी देताना, आणि ते काम काही क्षणांचं. पातं लालभडक होऊन पाण्यात गेलं की काचेसारखं कडक होतं. दगडावर पडलं तर तुकडे. म्हणून लोहार फक्त धारेकडचा भाग बुडवतो आणि पाठीत आंच ठेवतो. लगेच बाहेर काढून धारेजवळची काजळी दगडानं घासून चकचकीत करतो आणि थांबतो. पाठीतली उष्णता धारेकडे सरकू लागते तसे त्या चकचकीत पट्ट्यावर रंग उमटत जातात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअस, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० च्या जवळ. बारीक कामाच्या सुरीला पिवळ्यावर थांबवायचं, कारण तिला कडकपणा हवा. घाव घालायच्या कोयत्याला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, कारण त्याला लवचीकपणा हवा. रंग धारेला पोचला की पुन्हा पाण्यात. हा सगळा हिशोब डोळ्यांचा आहे. भर उन्हात रंग कळत नाहीत, म्हणून भट्टीवर नेहमी सावली असते. धातुशास्त्राच्या पुस्तकात जे तापमानाच्या आलेखावर शिकवतात ते इथं एका रंगाच्या रेषेवर चालतं, आणि ती रेषा वाचायला शिकलेले डोळे आता कमी होत चालले आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते.

गावात स्थायिक असलेल्या लोहारांशिवाय घिसाडी होते आणि अजूनही आहेत. भटक्या जमातींच्या यादीतला हा समाज बैलगाडीवर संसार घेऊन गावोगाव फिरायचा. रस्त्याच्या कडेला जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, शेजारी भाता आणि जमिनीत रोवलेली ऐरण. पुरुष सांडशीनं लोखंड धरतो आणि बाई घण मारते. उन्हातान्हात, लेकरू झोळीत ठेवून, नेमक्या जागी घण पाडणाऱ्या या बायांच्या कष्टावर खानदेशातल्या किती विळ्या-खुरप्यांची धार उभी आहे, याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

खानदेशात शेतीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरतं. सालदाराचं साल त्या सुमारास ठरतं आणि त्याच दिवसांत हत्यारं लोहाराकडे जातात. वखराची पास पाजवायची, विळ्यांना नवं पाणी द्यायचं, खुरप्यांच्या मुठी बदलायच्या. पूर्वी याचा मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळायचा. आता रोख पैसे, आणि कामही आटलेलं. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरची पाती झिजली की फेकून नवी बसवतात.

खळ्यावरच्या दादर ज्वारीनं आणि बाजरीनंही धारेची परीक्षा घेतली आहे. ज्वारी, बाजरी, गहू ही गवताच्या जातीची पिकं. त्यांच्या ताटात आणि पानांत वाळूच्याच जातीचे सूक्ष्म सिलिकाचे कण असतात. कापणीत पातं इतक्या लवकर का बोथटतं याचं एक मोठं कारण हे. म्हणून दातेरी विळे आले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा त्यातलाच. हलका, दातेरी, घाव न घालता ओढून कापणारा. बायकांच्या मनगटावरचा ताण त्यानं खरोखर कमी केला. त्याची एक अडचण आहे: दाते झिजले की घरच्या दगडावर त्याला धार लागत नाही.

धारेची ही ओढ खानदेशात लोखंडाहून फार जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळ पाटणे नावाचं गाव आहे. तिथं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी उत्खनन केलं. शहामृगाच्या अंड्याचं, नक्षी कोरलेलं सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं कवच तिथलंच, आणि त्यामुळे पाटणे जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पण मला तिथली दगडी पाती जास्त महत्त्वाची वाटतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटीच्या जातीचे दगड तयार होतात, कॅल्सेडनी, जास्पर वगैरे. ते ठराविक कोनात फोडले की काचेसारखी धार सुटते. त्या माणसांनी कातडं खरवडायला वेगळा दगड घडवला, कोरायला वेगळा, कापायला वेगळा. पुढच्या काळात अशी लहान पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीनं बसवून विळे होऊ लागले, आणि जगात ठिकठिकाणी सापडलेल्या अशा दगडी विळ्यांच्या धारेवर एक झळाळी दिसते. ती गवताच्या ताटांतल्या सिलिकानं आलेली. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाश्याला १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी खणलं तेव्हा ताम्रपाषाणयुगाच्या थरावर लोखंड वापरणाऱ्यांचा थर मिळाला. दगडाकडून लोखंडाकडे झालेला हा प्रवास तापीच्या काठच्या मातीत असा थरांनी रचलेला आहे.

आता घरात येऊ. विळीसारखं शहाणं हत्यार दुसरं नाही, असं माझं मत आहे. पातं स्थिर, दोन्ही हात मोकळे, शरीराचं वजन पाटावर. लग्नाच्या पंगतीसाठी किलोकिलोंनी वांगी आणि कांदे चिरणाऱ्या बाया विळीवर ज्या वेगानं काम करतात तो वेग सुरी-पाटावर येत नाही. गुडघे दुखू लागले, ओटा आला, उभ्यानं स्वयंपाक सुरू झाला आणि विळी मागं पडली; हे समजण्यासारखं आहे. पण विळीबरोबर घरातलं लोखंडी पातंही गेलं आणि त्याच्या जागी दर वर्षी टाकून द्यायची पातळ स्टीलची सुरी आली, हे नुकसान आहे. न गंजणारं पोलाद इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली बनवलं. त्यात क्रोमियम शेकडा साडेदहाहून जास्त असतं. कैरी, चिंच, लिंबू, टोमॅटो यांना ते उत्तम, कारण आंबटानं ते काळं पडत नाही. लोखंडी विळीवर चिरलेलं वांगं मात्र लगेच काळवंडतं, म्हणून आपल्या आयाबाया फोडी मिठाच्या पाण्यात टाकतात. कांदा, मेथी, कोबी, गवार यांना लोखंडी पातं आजही सरस: त्याला घरी पटकन धार येते.

भरताला मात्र सुरीचं काम जवळजवळ नाही. जळगावच्या भरताच्या वांग्यालाही मानांकन आहे. ते काड्यांवर भाजायचं, सोलायचं आणि लाकडी बडगीत ठेचायचं. कापायची असते ती फक्त कांद्याची पात, आणि तिथं धार कळते. बोथट पात्याखाली पात चिरत नाही, दबते. तिचं पाणी सुटतं आणि भरीत पचपचीत होतं. कांद्याचंही तसंच: धारदार पातं कमी पेशी फोडतं, म्हणून डोळ्यांत पाणीही कमी येतं.

उन्हाळ्यात बाजारात कैऱ्या फोडून देणारे बसतात. लाकडी ठोकळ्यावर एका टोकाला खिळलेलं, दुसऱ्या टोकाला दांडा असलेलं जाड पातं. कोयीसकट कैरी एका दाबात दुभंगते. त्या पात्याची धार हाताला जवळजवळ बोथटच लागते. पण तरफेचं बळ पाठीशी असल्यावर पातळ धारेची गरजच उरत नाही, आणि पातळ धार कोयीवर टिकलीही नसती.

धार लावायची कशी, हे आता नीट सांगतो, कारण हे काम घरी सहज जमतं. बाजारात कार्बोरंडमचा दुतर्फा दगड मिळतो, एक बाजू भरड, एक बारीक. पूर्वी हेच काम कुरुंदाच्या दगडावर व्हायचं. दगडाला पाणी लावा किंवा तेल, पण ज्यानं सुरुवात केली तेच कायम ठेवा. सगळं कौशल्य कोन न बदलण्यात आहे. भाजीच्या सुरीला दर बाजूला पंधरा ते वीस अंश पुरतात. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून एक सेंटिमीटर उचलली की पंधरा अंश होतात, सव्वा-दीडच्या मध्ये वीस. कोयत्याला दर बाजूला पंचवीस-तीस. भरड बाजूवर एकाच अंगानं घासत राहा, जोवर पलीकडच्या अंगाला, मुठीपासून टोकापर्यंत, अंगठ्याला बारीक कंगोरा लागत नाही. अंगठा नेहमी पाठीकडून धारेकडे बाहेर काढायचा, धारेच्या दिशेनं लांबीत कधीच नाही. हा कंगोरा आला याचा अर्थ दगड धारेच्या अगदी कडेपर्यंत पोचला. बहुतेक जण त्याआधीच थांबतात आणि म्हणतात, धार बसत नाही. मग दुसरी बाजू तशीच. मग बारीक बाजूवर हलक्या हातानं, एकदा इकडून, एकदा तिकडून, दाब कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं पाठीच्या दिशेनं ओढलं की उरलेला कंगोरा निघून जातो. विळीचं पातं हलत नाही, तेव्हा पाटावर पाय पक्का रोवून दगडच पात्यावर फिरवायचा, आणि तो धारेकडून पाठीकडे न्यायचा, म्हणजे हात घसरला तरी धारेवर जात नाही.

घाईच्या वेळी चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत, झिलई नसलेली कडाही कामाला येते. रोजच्या सुरीला आठवड्याला चार हात तेवढ्यावर पुरतात.

सायकल स्टँडवर चढवून, पायडलवर दगड फिरवत धार लावणारे अजून जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांत येतात. शिकलगारांचा परंपरेचा धंदा हत्यारांना धार आणि झिलई देण्याचा. तलवारींचे दिवस गेले, मग कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते आले. पायानं फिरणारा दगड संथ असतो, पातं तापत नाही. विजेच्या दगडाची गोष्ट वेगळी. पातळ धार तिथं क्षणात निळी पडते, आणि निळी पडली की लोहारानं दिलेलं पाणी त्या जागी उतरलं. मग ती कितीही चमकली तरी दोन दिवसांत बसते. धार लावून घेताना म्हणून सांगायला लाजू नका: दादा, मधूनमधून पाण्यात बुडवा. आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा, तोंडावर फडकं नसेल तर तेही बोला. शेफील्डच्या कारखान्यांत वालुकाश्माच्या दगडांवर कोरडं घासणारे कारागीर एकोणिसाव्या शतकात फुफ्फुसांत धूळ बसून तरुणपणीच मरत. आजचे दगड वेगळे आहेत, तरी लोखंडाचा आणि दगडाचा कण कुणाच्याही छातीत जायला नको.

बकरी ईदच्या आधीचे दिवस या कारागिरांच्या सर्वांत मोठ्या कामाचे. खाटकाकडे किमान तीन पाती असतात: कापायचा लांब सुरा, कातडं सोडवायची बाकदार पातळ सुरी आणि हाडं तोडायचा जाड सत्तूर. इस्लामी परंपरेत जनावराला कमीत कमी यातना व्हाव्यात म्हणून सुरा धारदार असलाच पाहिजे आणि त्याला धार जनावरासमोर लावू नये, अशी स्पष्ट शिकवण आहे. धार चांगली असणं हा इथं दयेचा भाग आहे.

न्हाव्याच्या वस्तऱ्याची परंपरा मात्र जवळपास संपली. एड्सबद्दलची जागृती आली आणि दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड हा नियम झाला. ते योग्यच झालं. चांभाराची रापी टिकून आहे. रुंद, सपाट, एका बाजूनं उतरती धार. कातडं कापतेही आणि तासतेही. सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल-पावरा माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड किंवा लांब दांड्याचा धारिया असतो. शस्त्र अधिनियम १९५९ नं केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेली हत्यारं शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. शेताला निघालेल्या माणसाकडे संशयानं पाहण्याआधी हे आठवलेलं बरं.

आणि कोयता. दिवाळीच्या सुमाराला साक्री, नवापूर, नंदुरबारकडून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोली-सुरतेकडे निघतात. तिथं मजूर माणशी मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ऊस जमिनीलगत तुटला पाहिजे, कारण साखर बुडख्यात जास्त. आणि जमिनीलगत म्हणजे पुन्हा माती, पुन्हा खडे. त्यामुळे कोयत्याबरोबर कानस जातेच, आणि दिवसातून कितीदा तरी ती पात्यावर फिरते. बोथट कोयत्याला जास्त घाव लागतात. दिवसभरात हजारो घाव घालणाऱ्या माणसाच्या खांद्याला, कमरेला हा फरक रात्री कळतो.

यात्रेत किंवा आठवडे बाजारात विळी-विळा घेणार असाल तर झिलईला भुलू नका. धार डोळ्यांसमोर सरळ धरून पाहा. कुठं पांढरी रेघ चमकली तर तिथं ती बोथट किंवा मोडलेली आहे. नखानं टिचकी मारा. चांगलं पाणी दिलेलं पातं खणखणतं, तडा गेलेलं बसका आवाज देतं. शक्य असेल तर बारीक कानस धारेजवळ हलकी ओढून पाहा. ती लोण्यासारखी रुतली तर लोखंड नरम आहे, अजिबात न चावता घसरली तर पाणी जास्त झालंय आणि पातं तुटेल. थोडं अडून, थोडं चावून गेली तर घ्या. मूठ हातात घट्ट बसते का आणि पातं तिच्यात हलत नाही ना, हेही पाहा. आणि विकणाराच घडवणारा असेल तर कशासाठी हवंय ते त्याला सांगा. कांद्यासाठी, कडब्यासाठी की पिलांसाठी, हे कळलं की तो ढिगातून वेगळंच पातं काढून देतो.